दोन अर्थिंगांच्या मधला पाच व्होल्टचा पुरवठा

[दृश्य: नदीकाठचं पंपघर. मागे टेकडीवर पाण्याची टाकी.]

पंपघर खाली, टाकी वर, मधे आठशे मीटर केबल. टाकीतली पातळी मोजणारं यंत्र याच केबलवरून आरएस-485 मार्फत खालच्या पॅनेलशी बोलतं. ही पद्धत 1200 मीटरपर्यंत चालते, त्यामुळे अंतराची अडचण नाही. अडचण अर्थिंगची.

दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं. मोठी मोटर सुरू झाली, जवळ कुठे वीज कडाडली, की दोन्हींत काही व्होल्टांचा, कधी बऱ्याच जास्त व्होल्टांचा फरक पडतो. आरएस-485 उणे 7 ते अधिक 12 व्होल्ट एवढंच सांभाळून घेतं. त्यापुढे आधी आकडे चुकतात, मग चिप जाते.

[दृश्य: टाकीवरच्या यंत्राचं उघडलेलं सर्किट. कॅमेरा ऑप्टोकपलरवर.]

यावर आयसोलेशन करतात, म्हणजे दोन बाजूंमधली विजेची थेट जोडणीच तोडतात. इथे डेटाच्या वाटेवर तीन ऑप्टोकपलर, म्हणजे तारेऐवजी प्रकाशानं सिग्नल पलीकडे नेणारे भाग, आहेतही. पण त्यांच्या दोन्ही बाजूंचे पाच व्होल्ट एकाच रेग्युलेटरमधून, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागातून आलेत! पुढच्या दाराला कुलूप आणि मागची भिंतच नाही, असला प्रकार. केबलकडच्या बाजूला स्वतंत्र, आयसोलेटेड पुरवठा हवाच.

[दृश्य: हातात चार पायांचं काळं मॉड्यूल.]

बाजारात सर्रास मिळतं ते हे: आत 5, बाहेर 5 व्होल्ट, 1 वॅट, म्हणजे 200 मिलिअँपिअर. पुरतं का? केबलच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे टर्मिनेशन रेझिस्टर (सिग्नल टोकावरून उलटून परत येऊ नये म्हणून लावलेले), म्हणजे चिपला दिसतात 60 ओहम. ती बोलू लागली की चाळीस-पन्नास मिलिअँपिअर ओढते. 1 वॅट भरपूर झाला.

खरी गोम उलट बाजूला आहे. यंत्र बहुतेक वेळ नुसतं ऐकत असतं आणि तेव्हा लागतात जेमतेम काही मिलिअँपिअर. हे स्वस्त मॉड्यूल रेग्युलेटेड नसतं. किमान दहा टक्के लोड नसेल, तर व्होल्टेज पाचाच्या वर चढत जातं. कामचलाऊ उपाय म्हणून आउटपुटवर 220 ओहमचा रेझिस्टर टाकतात, तेवीसेक मिलिअँपिअर त्यातून कायम वाहत राहतात. माझं मत विचाराल तर थोडे पैसे जास्त घालून रेग्युलेटेड मॉड्यूलच घ्यावं.

[दृश्य: डेटाशीटमधली एक ओळ.]

‘आयसोलेशन 1000 व्होल्ट’ वाचून हुरळून जाऊ नका. ही बहुधा एका सेकंदाची चाचणी असते. कायम तेवढं व्होल्टेज सोसण्याची हमी नव्हे. जिथे 230 व्होल्टला माणसाचा हात लागू शकतो, तिथे रीइन्फोर्स्ड, म्हणजे जास्त भक्कम इन्सुलेशनवालंच मॉड्यूल लागतं.

आणखी एक आकडा सहसा कुणी पाहत नाही: आयसोलेशन कपॅसिटन्स, म्हणजे मॉड्यूलच्या दोन बाजूंमध्ये राहून गेलेला छोटासा कपॅसिटर. समजा तो 50 पिकोफॅरड आहे आणि मायक्रोसेकंदात 1000 व्होल्टचा झटका आला. 50 मिलिअँपिअर त्या ‘तुटलेल्या’ वाटेनं सरळ पलीकडे जातात. म्हणून विजेच्या झटक्यांसाठी केबलच्या तोंडाशी सर्ज प्रोटेक्शन वेगळं लावावं लागतं.

[दृश्य: टाकीवर मल्टिमीटर लावलेला.]

वीज बंद करून, केबल सोडवून, सर्किटचं ग्राउंड आणि केबलकडचं ग्राउंड यांच्यात ओहम मोजा. मीटरनं ‘ओपन’च दाखवायला हवं. मग हे केबलकडचं ग्राउंड तिसऱ्या तारेनं खालच्या पॅनेलच्या ग्राउंडला जोडा. शिल्डला, म्हणजे केबलवरच्या धातूच्या आवरणाला, अर्थ द्यायचा तो फक्त पॅनेलपाशी.