मालकाला विचारून सांगतो

ही ठाण्यातली बिल्डिंग. सातवा मजला, टू बीएचके, पूर्वेकडे बाल्कनी. आमच्या टीममधल्या एका मुलीला हा फ्लॅट एवढा आवडला होता की तिने पडद्याचं मापसुद्धा घेऊन ठेवलेलं. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, टोकन कधी देऊ इथपर्यंत बोलणं आलं आणि मग एजंटने विचारलं, मॅडम पूर्ण नाव सांगा ना, ॲग्रीमेंटला लागेल. तिने सांगितलं. तिकडे जरा वेळ शांतता, मग, बरं बरं, मालकाला विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, फ्लॅट गेला. तिसऱ्या दिवशी आमच्याच एका सहकाऱ्याने, ज्याच्या आडनावावर कुणी अडखळत नाही, त्याने त्याच नंबरवर फोन केला तर फ्लॅट होता की, संध्याकाळीच बघायला या म्हणाले.

तिला कुणी वाईट शब्द वापरला नाही, कुणी तोंडावर नाही म्हटलं नाही, त्यामुळे तक्रार करायची तर कशाची आणि कुणाविरुद्ध, हेच तिला कळेना.

सप्टेंबर 1917. बडोदा. कोलंबियात आणि लंडनला शिकून आलेले आंबेडकर संस्थानाच्या नोकरीवर रुजू झालेले, आणि राहायला जागा नाही. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. मग ते मित्रांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर सोडून जातील. ख्रिश्चन मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारायला लागेल. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला वेळ होता, तेवढा वेळ ते कामाठी बागेत बसून राहिले, ही सगळी हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. त्या जमावापेक्षा मला हे दोन मित्र जास्त अस्वस्थ करतात, कारण काठ्या घेतलेला जमाव आज ठाण्यात दिसणार नाही पण बायकोला विचारून सांगतो, हे वाक्य मात्र आजही रोज कुठल्या ना कुठल्या फोनवर ऐकू येतं.

आता कायदा काय म्हणतो. घटनेचं कलम 15 भेदभाव करू नका असं सांगतं, पण ते मुख्यतः सरकारला सांगतं. खाजगी माणसांबद्दल त्यात दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, विहिरी, तलाव, रस्ते आहेत, भाड्याचं घर तिथे नावाने कुठेच नाही. कलम 19 म्हणतं की भारतात कुठेही राहा, पण दार उघडायचं की नाही हे घरमालकाच्या हातात. 2005 साली अहमदाबादच्या एका पारशी हाऊसिंग सोसायटीच्या प्रकरणाचा सुप्रीम कोर्टात निकाल लागला, सभासद फक्त आपल्या समाजाचेच असावेत असा उपविधी, म्हणजे सोसायटीचा नियम, चालेल का हा प्रश्न होता, कोर्टाने तो चालू दिला आणि कायदेमंडळाने काही बदल केलेला नाही तोवर आम्ही नवा सिद्धांत काढू शकत नाही अशा अर्थाचं म्हटलं. म्हणजे चेंडू आमदार-खासदारांकडे गेला तो तिथेच पडून आहे, 2021 चा केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा, म्हणजे राज्यांसाठीचा नमुना, आला त्यातसुद्धा याबद्दल एक ओळ नाही.

महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात एक गोष्ट चांगली आहे, फ्लॅट विकत घेणाऱ्याला सोसायटी विनाकारण सभासदत्व नाकारू शकत नाही, नाकारलं तर रजिस्ट्रारकडे जाता येतं. पण भाडेकरू सभासद नसतो, त्याला तिथे कोण उभं करणार? आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला कळवलं की झालं, परवानगी लागत नाही, तरी किती ठिकाणी कमिटीची एनओसी आणा म्हणतात, बॅचलर चालणार नाही, नॉनव्हेजवाले चालणार नाहीत, एकटी बाई नको, अमुक लोक नकोत. यातलं काही कागदावर नसतं, चेअरमनच्या तोंडी असतं. हे सगळं साठत जातं आणि गावाचा नकाशा बदलतो. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंब्रा मुसलमान कुटुंबांनी कसा भरत गेला हे ठाण्यातल्या जुन्या माणसांना विचारा.

2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली, तिने व्हिडिओ काढला, महाराष्ट्रभर गाजला, गुन्हाही दाखल झाला. पण तो धक्काबुक्की आणि दमदाटीचा. जागा नाकारणं, त्यासाठी वेगळं कलमच नव्हतं. उद्या तोच प्रकार शांतपणे, गोड बोलून झाला असता तर पोलिसांना लिहायलासुद्धा काही उरलं नसतं. आणि हे मराठी माणसाला जेवढं लागलं तेवढंच दलिताला, मुसलमानाला, एकट्या राहणाऱ्या मुलीला लागतं, हे मी मनापासून सांगते.

यासाठी फार लांब जायला नको. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आणि 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा, दोन्हीत स्वच्छ लिहिलंय की राहायला, विकत घ्यायला, भाड्याने घ्यायला नाकारून भेदभाव करायचा नाही, आणि हे खाजगी माणसालाही लागू आहे. पहिल्यात तर प्रत्येक राज्यात लोकपाल, म्हणजे तक्रारी ऐकणारा अधिकारी, नेमून 30 दिवसांत तक्रार निकाली काढायची सोयसुद्धा आहे. हेच कलम जात, धर्म, भाषा, खाणंपिणं, लग्न झालंय की नाही या सगळ्यांना का लावायचं नाही? घरमालक-भाडेकरू हा विषय राज्यांच्या यादीतला आहे, सहकारी सोसायट्याही, त्यामुळे दिल्लीची वाट बघायची गरजच नाही, विधानभवनात बिल आणता येतं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 2016 साली आपल्याच विधिमंडळाने केला ना.

फक्त त्यात दोन गोष्टी हव्यातच. एक, नकाराचं कारण लेखी द्यायचं, मालकाने आणि एजंटनेही. दुसरी, आमच्या सहकाऱ्याने केला तसा दुसऱ्या नावाने केलेला फोन पुरावा म्हणून चालला पाहिजे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपास असंच वेगवेगळ्या नावांनी घर विचारून अभ्यास केला, 2015 ला तो छापून आला. अमेरिकेत 1968 पासून घरातल्या भेदभावाविरुद्ध कायदा आहे, पण सरकारी खात्याला बराच काळ समजूत घालण्यापलीकडे फारसं काही करता येत नव्हतं, 1988 ला दुरुस्ती झाली तेव्हा कुठे त्याला दात आले. आणि अशी चाचणी करणाऱ्या काळ्या व्यक्तीला खोटी माहिती दिली तर ती स्वतः कोर्टात जाऊ शकते हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1982 लाच मान्य केलं होतं.

आमच्या मुलीला शेवटी घर मिळालं, ऑफिसपासून दीड तास लांब. घरमालकीण म्हणाली, नाव कशाला, भाडं वेळेवर दे म्हणजे झालं. पडदे ठाण्याच्या खिडकीच्या मापाने शिवून झाले होते, ते इथे वीतभर कमी पडतात, तिने तेच लावलेत.