बाबांच्या कानातली रेंज

(पहाट. पडवी. भिंतीवरच्या प्लगला लावलेली साबणाच्या वडीएवढी काळी डबी. तिच्यावर दोन हिरवे ठिपके.)

सकाळचे साडेपाच. मालवणच्या किनाऱ्यावरची आमची वाडी. मागल्या दारी आईने आंघोळीचं पाणी तापत ठेवलंय आणि पडवीत बाबा त्यांची डबी उघडतायत. आत दोन श्रवणयंत्रं. एकावर लाल खूण, दुसऱ्यावर निळी. लाल उजव्या कानाचं, निळं डाव्या. जगभर हीच पद्धत.

बाबांना ती अंगवळणी पडायला दोन आठवडे लागले. बोटीवर लाल दिवा डाव्या अंगाला असतो आणि उजवीकडे हिरवा. तीस वर्षं मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेलकी, म्हणजे बोटीची कप्तानी, केलेल्या माणसाच्या लेखी लाल म्हणजे डावं, विषय संपला. पहिले काही दिवस यंत्रं उलटी लागायची, कानात नीट बसायची नाहीत आणि बाबा ती काढून टेबलावर ठेवायचे. "ह्या काय कामाचा नाय."

(जवळून: कानामागचं यंत्र, केसासारखी तार, टोकाला मऊ रबरी टोपी.)

काजूगराएवढं यंत्र. सुरू झालं की बाबांच्या कानात एक छोटी धून वाजते. आपल्याला ती ऐकू येत नाही, पण वाजली हे कळतं. बाबा मान हलवतात.

(समुद्रात जाणारा ट्रॉलर. इंजिनाचा आवाज, पूर्ण.)

हा आवाज आम्ही या फिल्ममध्ये मुद्दाम कमी केलेला नाही. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बोटीच्या पोटात आणि त्याच्यावरच केबिन. रात्रंदिवस हेच. कानात बोळे घालायची पद्धत नव्हती. घातले असते तर खलाशाची हाक कशी कळली असती?

आतल्या कानात शंखासारखी वळत गेलेली नळी असते. तिच्यात केसाळ पेशी, एका कानात साधारण पंधरा हजार. माणसाच्या कानात मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. मोठ्या आवाजाचा मार वर्षानुवर्षं बसला की आधी जातात त्या वरच्या, बारीक सुरांच्या पेशी. कानाच्या तपासणीच्या कागदावर, ऑडिओग्रामवर, ४००० हर्ट्झच्या, म्हणजे बारीक सुराच्या, आसपास खड्डा दिसतो. बाबांच्या कागदावर दोन्ही कानांना तो आहे. मुंबईच्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी कागद बघितला आणि विचारलं, "इंजिनावर होतात का?" बाबा माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, मीच आधी सांगून ठेवलंय.

आता हा खड्डा बोलण्यात कसा दिसतो ते सांगते. आपल्या बोलण्यात स्वर जाड असतात, खालच्या सुरातले. स, श, फ, ख, थ ही अक्षरं बारीक, वरची. ती गेली की माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. साठ, काठ, पाठ, ताठ, सगळ्यांचं 'आठ' होतं. आमच्याकडे आईने कांदे सांगितले की अंडी यायची.

म्हणून बाबा म्हणायचे, "माका सगळा आयकाक येता. तुमीच तोंडातल्या तोंडात बोलतास." आम्ही हसायचो. पण त्यांच्या बाजूने ते खोटं नव्हतं. आवाज येतच होता. त्यातून पुरुषांचे आवाज जाड. बंदरावरच्या दोस्तांचं सगळं कळायचं, आईचं आणि माझ्या मुलीचं तेवढं नाही. आईने ही गोष्ट दहा वर्षं मनाला लावून घेतली. "दोस्तांचा आयकाक येता, माझाच तेवढा येना नाय." लग्नाच्या चाळीस वर्षांनंतर असं वाटणं वेगळं, आणि त्याचं कारण ४००० हर्ट्झ आहे हे कळणं वेगळं. आईला ते नीट समजावून सांगायला हवं होतं. आमच्यापैकी कुणी सांगितलं नाही.

(कपाटाचा खण. जुनं यंत्र, वाळलेली बटण बॅटरी.)

याआधी एक यंत्र आलं होतं. कुठल्याशा शिबिरात मिळालेलं. ते सगळंच मोठं करायचं: भांडी, पंखा, कावळा, आई. आणि शिट्टी वाजवायचं. कानातला आवाज फटीतून बाहेर येतो, माइक तो पुन्हा पकडतो, पुन्हा मोठा करतो, त्याची ती शिट्टी. भजनात एकदा वाजली. बाबांनी तिथेच खिशात घातलं, ते या खणात आलं.

(बाग. माडांच्या मधून बाबा चालतायत, बोलतायत. आजूबाजूला कोणी नाही.)

आता हे बघा. बाबा नातीशी बोलतायत. नात डोंबिवलीत आहे. फोन शर्टाच्या खिशात, आवाज ब्लूटूथने थेट दोन्ही कानांत. पूर्वी फोन कानाला लावायचे तेव्हा प्रश्न पडायचा की लावायचा कुठे? यंत्राचा माइक कानाच्या वर आणि फोन धरायचा कानाच्या भोकाशी. मग स्पीकर. स्पीकर म्हणजे आमच्या घरातली बातमी तीन घरांपर्यंत. आता नातीचा आवाज पंखा, कावळे, लाटा सगळं चुकवून येतो आणि ज्या कानाला जेवढा खड्डा तेवढा भरून येतो. नातीचं बोलणं बाबांना पडवीत शेजारी बसलेल्या माणसापेक्षा स्वच्छ कळतं. आईला हेही फारसं आवडलेलं नाही.

शेजारच्या काकी पहिल्या आठवड्यात हळूच आईला विचारून गेल्या, "भावजींका काय झाला गो? एकटेच बोलतत."

ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या राजाचं. हाराल्ड ब्लूटूथ, निळ्या दाताचा हाराल्ड. फोनवरची ती खूण म्हणजे त्याच्या नावाची दोन जुनी अक्षरं एकमेकांवर ठेवलेली. आणि कानाची यंत्रं बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी काही डेन्मार्कच्याच. त्यातली ओटिकॉन १९०४ सालची. हान्स डेमांट नावाच्या गृहस्थांनी बायकोला ऐकू येत नव्हतं म्हणून तो धंदा सुरू केला. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "बायकोक? घोवाक नाय?"

पण ब्लूटूथ आहे म्हणजे कुठल्याही फोनला जोडलं जाईल, असं नाही. आयफोनशी थेट जोडणारी यंत्रं २०१४ च्या सुमारास बाजारात आली. अँड्रॉइडसाठी गूगलने आपली पद्धत २०१८ मध्ये जाहीर केली, ती अँड्रॉइड १० पासून फोनमध्ये आली, तीही सगळ्या फोनांत नाही. बाबांचा फोन त्याहून जुना. यंत्रं घेतली त्या दुकानात हे कुणी बोललं नाही. घरी येऊन तीन दिवस आम्ही फोन बंद-चालू करत बसलो. शेवटी यंत्रांच्या मागोमाग फोनही नवा घ्यावा लागला. तुम्ही घेणार असाल तर फोन सोबत न्या, तिथे जोडून, एक फोन करून बघा, मग पैसे द्या.

पैशांचंही सांगते, कारण वाडीत प्रत्येक जण आधी तेच विचारतो. अशी जोडी चाळीस-पन्नास हजारांपासून दोन-तीन लाखांच्याही पुढे जाते. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टच्या पुढच्या, कमी उत्पन्नाच्या माणसाला एकदाच ३००० रुपये मिळतात. चष्मा, काठी, कानाचं मशीन, काय हवं ते घ्या. ३००० मध्ये ही जोडी येत नाही. आमची माझ्या बोनसमधून आली.

(बाबा विहिरीवर. घरात आई कॉटवर बसून मोबाइल बघतेय.)

हा प्रसंग आम्ही पुन्हा करून घेतलाय, पण घडलाय तसाच. बाबा विहिरीवर पाणी लावतायत. फोन घरात राहिलाय, आईने उचललाय, मालिकेचा कालचा भाग लावलाय. आवाज येत नाही म्हणून आई आवाज वाढवते. अजून वाढवते. आणि तिकडे बाबांच्या दोन्ही कानांत एक सासू सुनेवर ओरडायला लागते. कळशी विहिरीत गेली. गळाने काढली, पोचा आलाय.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. फोनचा आवाज कानात चालू असला की यंत्राचा बाहेरचा माइक बऱ्याचदा आपणहून दबतो. म्हणजे रस्त्यावरून चालताना बातम्या ऐकत असाल तर मागून येणारी रिक्षा उशिरा कळते. बाबांसोबत ते एकदा झालं. आता रस्त्यावर फोन आला तर ते थांबतात, कुंपणाला टेकतात आणि मग बोलतात.

फोन शर्टाच्या खिशातच का, हेही त्यांचं त्यांनी शोधलं. पॅण्टच्या मागच्या खिशात ठेवला की आवाज तुटायचा. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. शरीरात पाणीच पाणी, ते या लहरी शोषून घेतं. मी हे वाचून सांगायच्या आधी बाबांनी बोटीवरच्या वायरलेसचा नियम लावला होता. "अँटेना उंच व्हयी, मधी काय नको."

(पाऊस. कौलांवरून पागोळ्या. अंधारलेलं घर, टेबलावर मेणबत्ती.)

१ जूनला मासेमारी बंद होते, बोटी ओढून घेतात आणि आमच्याकडे दोन गोष्टी सुरू होतात. वीज जाते आणि सगळं ओलं होतं. ही यंत्रं आतल्या बॅटरीवर चालतात, रोज रात्री डबीत ठेवावी लागतात. दोन दिवस लाइट नसली की बाबा पुन्हा दहा वर्षं मागे. आता एक पॉवर बँक फक्त डबीसाठी ठेवली आहे. तिच्यावर मोबाइल चार्ज करायची कुणाला परवानगी नाही, जावयालाही नाही.

ओल हा मोठा शत्रू. यंत्राच्या खोक्यावर आयपी ६८ लिहिलंय, म्हणजे धूळ आणि पाणी आत जाणार नाही. पण ती चाचणी गोड्या पाण्यातली. घाम आणि खारा वारा यांचा त्यात हिशेब नाही. पहिल्या पावसाळ्यात डाव्या यंत्राचा आवाज घोगरा झाला. तो सोडवला आईने. कोकणातल्या पावसात पापड कुरकुरीत ठेवायला आईला कुणी शिकवावं लागत नाही. घट्ट झाकणाची बरणी, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, वर फडक्यावर यंत्रं. जेवण झालं की दोन तास बरणीत, मग चार्जिंगच्या डबीत. टोपीत अडकलेला मळ ती छोट्या ब्रशने रोज काढते. जाळी भरली की बदलते. चष्मा लावून, खिडकीशी बसून, गहू निवडल्यासारखी.

(विहिरीचा कठडा. बाबा कठड्यावर बसलेत, मी फोन उंच धरलाय.)

आमच्याकडे नेटची रेंज इथेच मिळते. त्यामुळे बाबांच्या कानांची दुरुस्तीही इथेच होते. ऑडिओलॉजिस्ट बाई मुंबईत, बाबा कठड्यावर. बाबा सांगतात की ताट-वाट्या फार टोचतात. बाई तिकडून वरचा सूर थोडा उतरवतात, बदल नेटवरून यंत्रात येतो. मी मागे ताट वाजवते. "आता?" "आता बरा." मध्येच रेंज जाते. मग आम्ही तिघं कठड्यावर बसून राहतो: मी, बाबा आणि ताट.

(रात्र. जत्रा. दशावताराचा रंगमंच, पेटी, पखवाज, झांज.)

इथे यंत्र हरतं. पेटीचा लांब सूर आला की त्याला ती आपलीच शिट्टी वाटते आणि ते ती दाबायला जातं. सूर थरथरतो, पाण्यात बुडाल्यासारखा. संगीतासाठी वेगळा प्रोग्राम असतो, बटण दाबून तो लावला की बराच फरक पडतो. बाबा कधी लावतात, कधी यंत्रंच काढून खिशात घालतात. पखवाज त्यांना तसाही ऐकू येतो, शंकासुर काय बोलणार ते पाठ आहे.

किनाऱ्यावर वाऱ्याचंही तेच. माइकवर वारा घुसतो, नुसता घों-घों. त्यामुळे तिथे ते यंत्रं घालत नव्हते. गाज त्यांना कायमच ऐकू येत होती, ती जाड आहे. डिसेंबरातल्या एका सकाळी वारा पडलेला होता, तेव्हा मीच म्हटलं, घाला.

(ओली वाळू. लाट येते, पसरते, मागे जाते.)

लाट आपटली. मग मागे गेली. बाबा थांबले.

"ह्या काय वाजता?"

मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. दुसरी लाट आली, गेली, तेव्हा कळलं. मागे जाताना वाळूत फेस फुटतो, त्याची चुरचुर. मी म्हटलं, "फेस, बाबा." ते वाकून बघत राहिले. जन्म पाण्यात गेलेला माणूस.

(घर. रात्रीचे नऊ. स्वयंपाकघरात आई भांडी लावतेय, पुटपुटतेय. पडवीत बाबा.)

आई काय पुटपुटतेय ते आम्ही टिपलेलं नाही. माझ्या मावशीबद्दल आहे, एवढं सांगते. पडवीतून बाबांनी उत्तर दिलं, सविस्तर. आईच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"आता ह्या घरात माका मनातला बोलाकसुद्धा सोय नाय."

बाबा हसले. उठले. लाल उजवं, निळं डावं, दोन्ही काढून बरणीत ठेवली. आईने झाकण लावलं, घट्ट आहे का बघितलं आणि मावशीचं राहिलेलं पुढे सुरू केलं.