गाळलेल्या प्रसंगाचं काम कोणी केलं?

(पुण्यात वाचक आणि चित्रपट-रसिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

'ड्यून' ही वाळवंटी ग्रहावर घडणारी विज्ञानकादंबरी आणि तिच्यावरून निघालेले चित्रपट यांच्यावरचा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो. "पुस्तकात असं नाहीये." समोरच्याचं उत्तरही ठरलेलं असतं. "पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा." मग आवाज चढतात, चहा गार होतो आणि तासाभराने दोघंही जिथल्या तिथे असतात. दोन्ही वाक्यं खरीच आहेत, त्यामुळे त्यांतून काही निष्पन्न होत नाही. आज मला तिसरा प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. पुस्तकातला तो प्रसंग तिथे कोणतं काम करत होता? आणि तो गाळला किंवा बदलला, तर सिनेमात ते काम कोणाच्या अंगावर पडलं?

आधी साधा हिशेब मांडू. फ्रँक हर्बर्टची ही कादंबरी 'अ‍ॅनालॉग' मासिकात 1963 ते 1965 या काळात दोन टप्प्यांत क्रमशः आली आणि 1965मध्ये पुस्तकरूपाने निघाली. वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारलेलं हे पुस्तक शेवटी मोटार-दुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चिल्टन या प्रकाशनाने काढलं. ते पूर्ण मोठ्याने वाचलं तर सुमारे 21 तास लागतात. डेव्हिड लिंचचा 1984चा चित्रपट 137 मिनिटांचा आहे. 2000 सालची तीन भागांची दूरचित्रवाणी मालिका सुमारे साडेचार तासांची. डेनी विलनवचे 2021 आणि 2024चे दोन भाग 155 आणि 166 मिनिटांचे, म्हणजे मिळून पाच तास एकवीस मिनिटं. सगळ्यात ऐसपैस रूपांतरालासुद्धा पुस्तकाच्या वाचनवेळेच्या जेमतेम पाव हिस्सा मिळालेला आहे. तेव्हा काटछाट ही इथे सक्तीच आहे. नुसतं "हे गाळलं" म्हणणं ही तक्रार होत नाही.

खरी अडचण लांबीपेक्षा खोल आहे. या पुस्तकातली माणसं सतत मनात बोलतात. एकाच प्रसंगात हर्बर्ट तिघांच्या डोक्यात शिरतो. समोरचा काय लपवतोय, आपण काय लपवतोय, आपण लपवतोय हे त्याला कळलंय का, हे सगळं तिरक्या अक्षरांत छापलेलं असतं. कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, ही वाक्यं दिसत नाहीत.

पेटीच्या परीक्षेचा प्रसंग घेऊ. पुस्तकाच्या अगदी सुरुवातीचा. हिरव्या धातूची, साधारण पंधरा सेंटिमीटर बाजूची चौकोनी पेटी. पंधरा वर्षांच्या पॉलने, म्हणजे ड्यूक लेटोच्या मुलाने आणि कथेच्या मुख्य पात्राने, त्यात हात घालायचा. मानेशी विषाची सुई. हात बाहेर काढला की मृत्यू. आत आधी मुंग्या, मग खाज, मग जळजळ, मग कातडी काळी पडून गुंडाळत गेल्याची जाणीव. हात बाहेर येतो तेव्हा त्याला काहीही झालेलं नसतं. वेदना फक्त मज्जातंतूंना दिलेली असते. परीक्षा अशी की सापळ्यात सापडलेलं जनावर स्वतःचा पाय कुरतडून पळेल, माणूस मात्र दम धरेल. या प्रसंगाची पुस्तकात तीन कामं आहेत. पॉलचा संयम दाखवणं, भीती आवरण्यासाठी म्हणायचा मंत्र वाचकाच्या कानावर घालणं आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या आईची, जेसिकाची, कोंडी उभी करणं.

1984मध्ये लिंचने मनातली वाक्यं कुजबुजत्या आवाजात ऐकवली. पॉल मनात मंत्र म्हणतो, तो आपण ऐकतो, शिवाय जळणारा हात दिसतो. पहिली दोन कामं होतात, पण किंमत मोजून. नटाचा चेहरा जे अर्ध्या क्षणात सांगून गेला, तेच आवाज पुन्हा तीन सेकंद सांगतो. एका प्रसंगात हे चालतं. संपूर्ण चित्रपटभर, एकामागून एक पात्रांच्या तोंडी आलं की गती बसते आणि प्रेक्षक चेहरे वाचायचं सोडून देतो, कारण उत्तर कानात सांगितलं जाणार हे त्याला कळलेलं असतं. त्या वेळी काही चित्रपटगृहांत शब्दांच्या अर्थांचा छापील कागद वाटला होता. पडद्यावर अर्थ पोचत नाही याची धास्ती निर्मात्यांनाही होती, असाच त्याचा अर्थ मी लावतो.

2021मध्ये तो मंत्र पॉलकडून काढून जेसिकाला दिला. ती दाराबाहेर उभी राहून, श्वास आवळून तो म्हणते. आत पॉल गप्प आहे. एका हालचालीत तिन्ही कामं झाली. मंत्र ऐकू आला, आईची कोंडी दिसली आणि पॉलचा संयम त्याच्या गप्प राहण्यातून कळला. शब्द पुस्तकातलेच, बोलणारं तोंड बदललं. माझ्या लेखी हे या रूपांतरातलं सर्वांत हुशार काम आहे.

या शहराला ही कला परकी नाही. प्रभातने इथेच 1937 साली ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून 'कुंकू' काढला. त्यात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. कादंबरीकार घुसमट शब्दांत सांगू शकतो. शांतारामबापूंनी ते काम घरातल्या आवाजांवर आणि भिंतीवरच्या घड्याळावर सोपवलं. अभ्यासाला ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

आता जिथे काम कोणावरच सोपवलं नाही, तिथे काय होतं ते पाहू. पुस्तकात पॉलच्या घराण्याचा वैद्य डॉक्टर युए फितूर आहे हे वाचकाला दुसऱ्याच प्रकरणात, शत्रूच्या तोंडून, कळतं. हर्बर्ट रहस्य ठेवतच नाही. त्यामुळे पुढे युए प्रेमाने पॉलशी बोलतो तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो. यात आणखी दोन धागे गुंफलेले आहेत. सल्लागार हावत फितुरीचा संशय जेसिकावर घेतो. आणि त्या ग्रहावरच्या अराकीन शहरातल्या राजवाड्यात मेजवानी होते. मेजवानीत पाण्याचा व्यापारी, बँकेचा माणूस, तस्कर असे सगळे एका टेबलावर बसतात. तिथला जुना रिवाज असा की पाहुण्यांनी हात धुताना पाणी जमिनीवर सांडायचं, टॉवेलला हात पुसायचे आणि त्या टॉवेलचं पिळलेलं पाणी दाराशी भिकाऱ्यांना मिळायचं. ड्यूक लेटो ते बंद करून मागेल त्याला पेलाभर पाणी द्यायला सांगतो. ज्यांच्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात, त्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्या एका टॉवेलमध्ये अख्ख्या ग्रहाचं अर्थकारण आहे.

2021च्या चित्रपटात मेजवानी नाही, हावतचा संशय नाही आणि युएची फितुरी आधी सांगितलेली नाही. तीन प्रसंग गेले असं वाटतं, पण ती एकच साखळी होती. राजघराण्याच्या वैद्यांवर असे संस्कार केलेले असतात की ते रुग्णाला अपाय करूच शकत नाहीत, ही गोष्टही ओझरती राहते. परिणामी युएने दगा दिला की न वाचलेल्या प्रेक्षकाला धक्का बसतो, पण अशक्य ते घडलं असं वाटत नाही. इथे चाहत्यांची तक्रार पूर्ण रास्त आहे. 2000च्या मालिकेने मेजवानी ठेवली होती. सजावट नाटकी, तरी घराणी एकमेकांना कशी जोखतात ते तिथे कळतं.

काही बदल यंत्रणाच मोडतात. 1984च्या चित्रपटाच्या शेवटी अराकिसवर, म्हणजे या वाळवंटी ग्रहावर, पाऊस पडतो. प्रेक्षकाला बरं वाटतं. पण या ग्रहावर पाणी हे वाळूच्या अजस्र अळ्यांसाठी विष आहे. छोटी अळी पाण्यात बुडवून मारूनच तिथले वाळवंटातले लोक त्यांच्या विधीतलं 'जीवनजल' मिळवतात. अळ्यांची पिल्लं पाणी कोंडून धरतात म्हणून वाळवंट आहे, आणि मसाला, म्हणजे ज्याच्यासाठी घराणी या ग्रहावर झगडतात तो मौल्यवान पदार्थ, त्याच जीवनचक्रातून येतो. पाऊस म्हणजे अळ्यांचा अंत आणि मसाल्याचा अंत. शिवाय पुस्तकाच्या परिशिष्टात ग्रह हिरवा करायला तीनशे ते पाचशे वर्षांची योजना आहे. तो पाऊस पाचशे वर्षं एका मिनिटात गुंडाळतो. कथेचा कणाच पाण्याची टंचाई असताना ही चूक किरकोळ म्हणता येत नाही.

याउलट 2024च्या भागातली चानी, पॉलची प्रेयसी. पुस्तकात ती पॉलच्या पाठीशी उभी राहते, इथे त्याच्या देवत्वावर विश्वास ठेवायला नकार देते आणि शेवटी अळीवर स्वार होऊन निघून जाते. अनेकांना हे खटकलं. मला ते पटतं. हर्बर्टला तारणहाराच्या भक्तीपासून सावध करायचं होतं. बऱ्याच वाचकांनी पॉलला नायकच मानलं. 1969च्या दुसऱ्या कादंबरीत हर्बर्टने तेच पुन्हा, अधिक कठोरपणे मांडलं. पुस्तकात हा संशय पॉलच्या स्वतःच्या मनात, भविष्यातल्या रक्तपाताच्या दृश्यांत असतो. मनातलं पडद्यावर येत नाही म्हणून तो चानीच्या चेहऱ्यावर आणला. काम झालं. गमावलं तेही सांगायला हवं. पुस्तकात दोन वर्षांचा काळ जातो, पॉल आणि चानीचं मूल होऊन मारलं जातं, बहीण आलिया जन्मते आणि घराण्याचा शत्रू असलेल्या बॅरनला तीच संपवते. चित्रपटात सगळं काही महिन्यांत उरकतं, आलिया गर्भातूनच बोलते आणि बॅरनला पॉल मारतो. मूल गेल्याचं दुःख नाही, म्हणून पॉलच्या क्रूरपणाला आलेली धार थोडी बोथट होते.

स्टिलसूटबद्दलही बोललं पाहिजे, कारण त्यावर फार भांडणं होतात. पुस्तकाप्रमाणे हा पोशाख घाम आणि शरीरातलं इतर पाणी गाळून खिशांत साठवतो आणि मानेजवळच्या नळीतून ते पुन्हा प्यायचं. तो चालतो शरीराच्या हालचालीवर, विशेषतः श्वासावर. तोंडावरच्या गाळणीतून श्वास आत, नाकातल्या नळीतून बाहेर. नीट बसवला तर दिवसाला अंगुस्तानभरच पाणी वाया जातं. लिंच आणि विलनव या दोघांनी बहुतेक वेळा तोंडं उघडी ठेवली, कारण चेहरा झाकला तर अभिनय झाकला जातो. ही सवलत मी देतो. पण तोंड उघडं ठेवलं की पाण्याची किंमत दुसरीकडून सांगावी लागते. 2021मध्ये वाळवंटातल्या लोकांचा म्होरक्या स्टिलगार ड्यूकच्या टेबलावर थुंकतो, सगळे तलवारीला हात घालतात आणि ड्यूकचा योद्धा डंकन त्या ओलाव्याबद्दल त्याचे आभार मानतो. थुंकणं म्हणजे अपमान हे आपल्या अंगात भिनलेलं आहे; तो अर्थ काही सेकंदांत उलटा होतो. तोंडावरच्या गाळणीचं काम या थुंकीने केलं.

आता करून पाहण्याची रीत. एकच प्रकरण निवडा. पेन्सिलीने मनातल्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा. मग तोच प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. वहीत चार रकाने आखा: पुस्तकात काय घडतं, त्याचं काम काय, सिनेमात ते काम कोण करतं, आणि राहून काय गेलं. तिसऱ्या रकान्यात "चेहरा", "आवाज", "वस्तू", "दुसरं पात्र" असं नेमकं लिहा. हा रकाना रिकामा राहिला तरच तक्रार नोंदवा.

यात दोन ठिकाणी हमखास चुकतं. पुस्तक वाचलेला माणूस सिनेमातल्या गाळलेल्या जागा नकळत स्वतःच भरतो आणि "कळतंय की सगळं" म्हणतो. म्हणून दर जोडीत एक न वाचलेला माणूस हवा, आणि आधी त्याने बोलायचं. दुसरं म्हणजे आवृत्ती. 1984च्या चित्रपटाची दूरचित्रवाणीसाठी केलेली सुमारे तीन तासांची आवृत्तीही फिरते; लिंचने तिच्यावरून स्वतःचं नाव काढून घेतलं होतं. दोघं दोन आवृत्त्या पाहून भांडत असतात आणि ते लक्षातही येत नाही. वहीच्या पहिल्या ओळीवर मिनिटं लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीसाठी मेजवानीचं प्रकरण वाचून या. समजा, दिग्दर्शकाने तुम्हाला त्यासाठी फक्त चार मिनिटं दिली आहेत. टॉवेल ठेवायचा, तस्कर ठेवायचा, की जेसिकाचा जोखणारा डोळा? एक ठेवा, आणि बाकी दोघांचं काम कोण करील ते तिसऱ्या रकान्यात लिहून आणा.