पाण्यासारखा पैसा, पैशासारखे पाणी

(दृश्य: पारदर्शक नळ्यांतून उतरणारे लाल पाणी)

सुमारे दोन मीटर उंचीचे हे यंत्र रसायनाच्या कारखान्यातले वाटते. प्रत्यक्षात ती एका देशाची अर्थव्यवस्था आहे. लाल पाणी म्हणजे पैसा. राष्ट्रीय उत्पन्न वरून खाली येते. वाटेत एका फाट्याने कर बाहेर पडतो, दुसऱ्याने बचत, तिसऱ्याने आयात मालाची किंमत. सरकारी खर्च, गुंतवणूक आणि निर्यात यांच्या वाटांनी पाणी पुन्हा मुख्य धारेला येऊन मिळते, तळाच्या टाकीत साठते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. कराची झडप थोडी उघडली की खालची धार बारीक होते, आणि बाजूच्या कागदावर पेन त्याचा आलेख काढत राहते.

(दृश्य: यंत्राची जुनी छायाचित्रे)

बिल फिलिप्स यांनी हे यंत्र १९४९ साली बांधले. न्यूझीलंडमध्ये १९१४ साली जन्मलेले फिलिप्स मूळचे वीज अभियंते. दुसऱ्या महायुद्धात ते जावा बेटावर जपान्यांच्या कैदेत होते, आणि सुटका झाल्यावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्र शिकायला आले. व्याजदर बचतीच्या प्रवाहाने ठरतो की लोकांच्या हाताशी असलेल्या पैशाच्या साठ्याने, यावर तेव्हा अर्थतज्ज्ञांमध्ये मोठे वाद झडत होते. टाकी आणि नळ यांचा संबंध अभियंत्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वॉल्टर न्यूलिन या अर्थशास्त्रज्ञ मित्राच्या मदतीने फिलिप्स यांनी क्रॉयडन इथल्या घरमालकिणीच्या गॅरेजमध्ये काम सुरू केले आणि त्यासाठी युद्धविमानांचे मोडीत निघालेले भागही वापरले. यंत्र चालू झाल्यावर दिसले ते असे, की साठा आणि प्रवाह एकमेकांना सतत बदलत असतात. वाद घालणारे दोन्ही पक्ष एकाच यंत्राच्या दोन टोकांना उभे होते.

प्राध्यापक जेम्स मीड यांनी या यंत्राचा वर्गात फार चांगला उपयोग केला. एका विद्यार्थ्याकडे ते अर्थमंत्र्याच्या झडपा देत, दुसऱ्याकडे मध्यवर्ती बँकेच्या, आणि दोघांनी एकमेकांशी न बोलता उत्पन्नाची पातळी स्थिर ठेवायची. दोघांचाही हेतू चांगला असायचा, तरी पाणी खालीवर हिंदकळत राहायचे. अशी डझनभर यंत्रे बनली. केंब्रिजमधले एक आजही चालवून दाखवता येते.

पुढे अमेरिकेत एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी साठा आणि प्रवाह यांची हीच भाषा कारखान्यांना लावली. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यात कामगारांची संख्या दर काही वर्षांनी का चढते आणि का उतरते, याचे उत्तर त्यांना बाजारात मिळाले नाही; ते कारखान्याच्या स्वतःच्याच भरतीच्या आणि मालसाठ्याच्या नियमांत मिळाले. त्यातून शहरांची, आणि पुढे साऱ्या जगाची मॉडेले निघाली. तो इतिहास मोठा आहे. आपण मात्र इथून अहिल्यानगर जिल्ह्यात येऊ.

(दृश्य: हिवरे बाजारचे डोंगर, उतारावरचे समतल चर)

लंडनमध्ये पैसा समजून घेण्यासाठी पाणी वापरले गेले. हिवरे बाजारमध्ये पाणी समजून घेण्यासाठी हिशेबाची वही वापरली गेली, आणि आमच्या मते ही दुसरी कल्पना पहिलीइतकीच मोलाची आहे. गाव पर्जन्यछायेतले. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर, १९९०च्या दशकात, आदर्श गाव योजनेखाली माथा ते पायथा अशी पाणलोटाची कामे झाली. ती अनेकदा दाखवली जातात, कारण चर आणि बंधारे कॅमेऱ्याला दिसतात. त्यानंतर गावाने सुरू केलेला पाण्याचा ताळेबंद मात्र आकड्यांचा आहे, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

(दृश्य: पर्जन्यमापक, हातात मोजपात्र)

सुरुवात इथून होते. पर्जन्यमापकातले पाणी सकाळी मोजपात्रात ओतायचे, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचे आणि आकडा वाचायचा. पाणी काचेच्या कडेला किंचित वर चढते, म्हणून मधला खोलगट भाग जिथे असेल तिथलाच आकडा धरायचा. कडेचा धरला की पाऊस फुगतो. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की दहा हजार लिटर पाणी जमा झाले. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. म्हणजे ३०० मिलिमीटर पावसाच्या वर्षी जमेच्या बाजूला सुमारे २९३ कोटी लिटर येतात.

आकडा ऐकायला मोठा आहे, पण खर्चाची बाजूही तशीच आहे. काही पाण्याची वाफ होते, काही ओढ्याने निघून जाते, काही मातीत ओल होऊन राहते आणि उरलेले मुरूम व झिजलेल्या खडकातून विहिरींपर्यंत पोचते. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठायला जागा थोडी. वरचा झिजलेला थर आणि भेगा, एवढीच ही तिजोरी. म्हणूनच शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही आणि ऊस, केळी लावायची नाहीत, या नियमांना ताळेबंदात अर्थ आहे. बोअर खालच्या भेगांतले जुने पाणी उपसते, आणि त्या खात्यात नवी जमा फार सावकाश होते.

(दृश्य: विहिरीत सोडलेली मोजपट्टी, भिंतीवरचा फलक)

विहिरींची पातळी मोजली, की पेरणीआधी वाटप ठरते. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी, मग घरवापराचे. उरलेल्यापैकी सत्तर टक्के शेतीला मिळते आणि तीस टक्के जमिनीतच राखून ठेवायचे असते. पाऊस कमी झाला असेल तर जास्त पाणी पिणारी पिके मागे पडतात. मीड यांच्या विद्यार्थ्यांना जी मुभा नव्हती ती इथे आहे: झडपा हातात असलेले सगळे जण ग्रामसभेत एकमेकांसमोर बसलेले असतात. परिणामही झाले, टँकर थांबले, दूध वाढले, आणि शहरात गेलेली काही कुटुंबे परत आली.

या मॉडेलात काही उणिवा आहेत. ते साऱ्या शिवारावर सारखा पाऊस धरते, जे कधीच घडत नाही. भूजल गावाची शीव पाळत नाही, त्यामुळे शेजारच्या गावाने उपसा वाढवला तर इथली वही बरोबर असूनही विहीर उतरू शकते. यासाठी हिशेब पाणलोटाचा हवा, आणि तो एका ग्रामसभेच्या आवाक्यातला नाही.

(दृश्य: दुसऱ्या एका गावातला रंगवलेला फलक)

डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्ये आली आणि गावपातळीवरचा पाण्याचा ताळेबंद त्या योजनेचा भाग झाला. हे स्वागतार्ह आहे. मात्र आकडे बाहेरून भरून आले आणि फक्त भिंतीवर रंगवले, तर पेरणीच्या वेळी ते कोणी पाहत नाही. गावात पर्जन्यमापक कोण वाचतो आणि विहिरीत मोजपट्टी कोण सोडतो, हे योजनेच्या अहवालात पहिल्या पानावर यायला हवे.