मशीनचा मृत्युपूर्व जबाब

मंडळी, पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सिसआरक्यूमध्ये नवी कळ कशी बसवावी’ असं छापलंय. सिसआरक्यू म्हणजे मशीन अडकलं तरी लिनक्सच्या गाभ्याशी, कर्नलशी, थेट बोलणाऱ्या आणीबाणीच्या कळा. तिकडे येतोच. त्याआधी एक गाऱ्हाणं ऐकून घ्या.

या खोलीतल्या बहुतेकांना आर-ई-आय-एस-यू-बी पाठ असेल. लिनक्स ठप्प झालं की ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन धरून ही सहा अक्षरं सावकाश दाबायची. आरने कीबोर्ड ग्राफिक्सच्या तावडीतून सुटतो, ई सगळ्या प्रोसेसना आवरायला सांगते, आय त्यांना मारते, एस राहिलेलं डिस्कवर लिहायला लावते, यू फाइलसिस्टिम रीड-ओन्ली करते आणि बी रीबूट. इंग्रजीत यासाठी हत्ती पाळण्याचं एक वाक्य आहे. मी माझ्या मुलांना शिकवतो: ‘रात्री एकटा इथे सर्व्हर उठवत बसलो.’ (हशा) हसलात, म्हणजे तुम्हीही बसला आहात!

गाऱ्हाणं असं, की आपल्याला एवढंच येतं. पेशंट अत्यवस्थ आहे, त्याला एक प्रश्न विचारलेला नाही, आणि आपण तिरडी बांधायला घेतो. याच कळांमध्ये एम मेमरीचा हिशेब देते, एल प्रत्येक सीपीयू कुठे आहे ते सांगते, डब्ल्यू अडकलेल्या प्रोसेसची यादी देते. त्या कितीजण दाबतात?

एका कारखान्यासाठी मी मोजमापाच्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लिहिला होता. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, रात्रपाळीतच, मशीन गोठायचं. लॉगमध्ये ओळ नाही. कर्नल अडकलेल्या प्रोसेसबद्दल आपणहून तक्रार करतो, पण एरवी 120 सेकंद थांबून. तिथे लाइन खोळंबलेली, ऑपरेटरदादांचा हात त्याआधीच पॉवरच्या बटणावर जायचा. त्यांचं काय चुकलं? त्यांना माल काढायचा होता.

शेवटी, दुसऱ्या संगणकावरून मशीनशी बोलायची सीरियल केबल घेऊन मी मुक्कामालाच गेलो. चौथ्या रात्री अडीच वाजता गोठलं. ‘दादा, दोन मिनिटं द्या,’ म्हटलं, आणि केबलवरून ब्रेकचा संकेत पाठवून डब्ल्यू दाबली. सीरियलवर ब्रेकनंतर पाच सेकंदांत अक्षर द्यावं लागतं, ते दिलं. उत्तर आलं, ‘धिस सिसआरक्यू ऑपरेशन इज डिसेबल्ड.’

कारण काय? मशीनवर उबुंटू हे लिनक्स होतं, आणि कोणत्या कळांना परवानगी आहे याचा बेरजेने बनलेला आकडा तिथे ठेवलेला असतो 176. म्हणजे 128 रीबूट, 32 रीड-ओन्ली, 16 सिंक, म्हणजे डिस्कवर लिहिणं. माहिती विचारण्याचा आकडा 8, तो त्यात नाही! डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या 438 मध्येही नाही. पडद्यावर आतली माहिती उघडी पडू नये, हा विचार मला पटतो. पण कुलूपबंद सर्व्हर-खोलीत अंत्यविधीला परवानगी आणि विचारपुशीला बंदी, हे मला आजही मान्य नाही. घरी गेल्यावर आपापल्या मशीनवर आधी हा आकडा बघा. 176 असेल तर 184 करा.

मी आकडा बदलला आणि अकरा दिवस वाट पाहिली. या वेळी डब्ल्यूने यादी दिली. सगळ्या प्रोसेस माझ्याच ड्रायव्हरमध्ये खोळंबलेल्या. पण का? रांगेत डेटाचे किती बफर आहेत, शेवटचा इंटरप्ट, म्हणजे कार्डाची ड्रायव्हरला हाक, कधी आला, हे सगळं समोरच्या डब्यातल्या मेमरीत जिवंत होतं आणि विचारायला कळ नव्हती. रीबूट केलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिसऱ्या खेपेला ड्रायव्हरमध्ये मी बसवलेली कळ होती. दाबल्याबरोबर चार ओळी आल्या. कार्ड म्हणतंय माल तयार, ड्रायव्हर म्हणतोय वाट पाहतोय. कार्डाची स्थिती तपासून इंटरप्ट पुन्हा चालू करेपर्यंत दोन ओळींची फट होती आणि त्या फटीत आलेला इंटरप्ट हरवत होता. ओळींचा क्रम बदलला. त्यानंतर ते मशीन गोठलं नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं. तर, कळ कशी बसवायची.

ही सोय 1997 सालची, मार्टिन मारेश यांची, पावेल माखेक यांच्या कल्पनेवरून. 2000 साली क्रचर डनव्हंट यांनी नोंदणीचा तक्ता आणला, म्हणून आज कर्नलला जोडलेलं तुमचं मॉड्यूलही कळ मागू शकतं. एक स्ट्रक्चर भरायचं: हँडलर म्हणजे कळ दाबल्यावर चालणारं फंक्शन, मदतीची ओळ, कृतीची ओळ आणि परवानगीचा आकडा. तिथे डंपचा, म्हणजे माहिती विचारण्याचा, तोच 8 द्या. मग ‘रजिस्टर सिसआरक्यू की’. जागा आधीच कुणाची असेल तर नोंदणी नाकारली जाते, तेव्हा परत आलेलं उत्तर तपासा.

हँडलर बहुधा इंटरप्टमध्ये चालतो, म्हणून तिथे झोपायचं, म्हणजे कशाची वाट बघत थांबायचं, नाही. लॉक हवं असेल तर ट्रायलॉक, म्हणजे न थांबता एकदा मागून बघायचं. नाही मिळालं तर तसं छापा, तोही पुरावाच आहे. वेळखाऊ काम वर्कक्यूवर, म्हणजे मागाहून करायच्या कामांच्या रांगेत, टाका. एसचंही सिंक तसंच मागाहून होतं, म्हणून ‘इमर्जन्सी सिंक कम्प्लीट’ दिसेपर्यंत पुढची कळ दाबू नका. मॉड्यूल काढताना नोंदणी रद्द करा, नाहीतर ऐन संकटात कर्नल मोकळ्या झालेल्या मेमरीत उडी मारेल.

अक्षर कुठलं? लहान ए नको, स्पार्क प्रोसेसरच्या मशीनवर ती पोचतच नाही. पूर्वी जागा 36 होत्या, 2020 मध्ये कॅपिटल अक्षरं आली आणि 62 झाल्या. ती शिफ्टसह दाबायची. कॅपिटल आर आधीच गेली आहे. कर्नल 6.12 मध्ये स्केड-एक्स्टने, म्हणजे शेड्युलर (प्रोसेसची पाळी ठरवणारा भाग) बाहेरून चढवू देणाऱ्या सोयीने, कॅपिटल एस आणि डी घेतल्या: एसने बाहेरून चढवलेला शेड्युलर उतरतो, डी त्याला न उतरवता त्याची स्थिती छापते. माझं म्हणणं त्या डीसारखंच आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाने अशी एक विचारणारी कळ द्यावी.

कीबोर्ड इनस्क्रिप्टवर असला तर? काही बिघडत नाही, कर्नल कळेची जागा बघतो, लिपी नाही. हां, मागे हात वर आहे. बोला ताई.