शिळा ऊस आणि आबांचा प्रश्न

हे समोर काहिलीत उकळतंय ना, ते बघतच मी मोठी झाले. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ होतं. चुलवाणात चिपाडं सरकवायची, भेंडीचं पाणी टाकलं की मळी वर यायची, आबा ती काढायचे, आणि कधी तोडलेला ऊस दोन दिवस तसाच पडून राहिला की गुळव्या रस चाखूनच सांगायचा, "शिळा झालाय, रवा धरायचा न्हाई." आणि खरंच धरायचा नाही. गूळ मऊ पडायचा, सौद्यात भाव मिळायचा नाही आणि त्या रात्री घरात कुणी फारसं बोलायचं नाही.

का धरत नाही, हे मला एमएस्सीला कळलं. उसात इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम असतं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रोटीन. ऊस तोडला तरी त्याचं काम चालूच राहतं, साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करत राहतं, वर जंतूही लागतात, आणि हे फ्रुक्टोज हवेतली ओल ओढून घेतं. त्या लेक्चरला माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, खरंच सांगते.

पुढं वाचलं तर १९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटन याच एन्झाइमवर काम करत होते, त्यांचं यीस्टमधलं होतं एवढंच. ठराविक वेळानं थोडं मिश्रण काढायचं, त्यात अल्कली टाकून एन्झाइम थांबवायचं, मग पोलॅरिमीटर नावाच्या यंत्रात बघायचं प्रकाश किती वळला, त्यावरून साखर किती फुटली ते कळायचं. त्यातून एन्झाइमच्या वेगाचं जे समीकरण आलं ते आज प्रत्येक बायोकेमिस्टला पाठ असतं. आमच्याकडं रसात चुना टाकतात तोही अल्कलीच, रसाचा आंबटपणा मारायला, कारण आंबट रस तापला की साखर आणखी फुटते. मॉड मेंटनचा फोटो माझ्या टेबलावर कायम राहिला.

माझं काम म्हणजे उसातलं हे एन्झाइम वेगळं काढणं. रस काढायचा, अमोनियम सल्फेट टाकून प्रोटीन खाली बसवायचं, रात्रभर डायलिसिस, म्हणजे पातळ पडद्याच्या पिशवीतून ते मीठ बाहेर जाऊ द्यायचं, सगळं ४ अंशावर, म्हणजे बाहेर मे महिन्याचं ऊन आणि मी कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून. एकदा सुट्टीत लाइट गेली, जनरेटर कुणी लावलाच नाही आणि फ्रीजरमधले दोन वर्षांचे सॅम्पल वितळून गेले. मी ते डबे सिंकमध्ये रिकामे करत होते तेव्हा हात थरथरत होते. मग पुढच्या हंगामात पुन्हा ऊस आणला, दुसरं काय करणार.

आबांना मी सगळं समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तोडल्यावर किती तास चालतंय, ते सांग की बाळ." मला एक आकडा सांगता आला नाही. जात कुठली, ऊन किती, ऊस पक्व किती, सगळ्यावर अवलंबून. मी "लवकरात लवकर गाळा" म्हणाले, आणि ते तर त्यांना आधीपासूनच माहीत होतं.

आबा आता नाहीत. ही मुलगी दिसतेय ना, मोळ्यांपाशी वही घेऊन बसलीय, ती माझी शेवटची विद्यार्थिनी. सहा तास, बारा तास, चोवीस तास, सावलीतला ऊस वेगळा, उन्हातला वेगळा. आज पहाटे पाचला पहिला सॅम्पल घेतलाय.