पेट्रापोल: एक गेट, १३८ तास

हा जेसोर रोड. कोलकात्याहून निघायचं, बारासात, हाबरा, बनगाव करत साधारण ८० किलोमीटर आलं की रस्ता थेट बांगलादेशच्या गेटला भिडतो. अलीकडे पेट्रापोल, पलीकडे बेनापोल. भारत-बांगलादेशमधला जमिनीवरून होणारा व्यापार किमतीत मोजला तर त्यातला जवळपास ७० टक्के ह्या एका गेटमधून जातो.

आणि शिरीषाच्या ह्या जुन्या झाडांखाली बघा, ट्रकच ट्रक. ताडपत्री घट्ट बांधलेली, माल भरलेला, ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून बसलेला. गाडीत काही बिघाड नाहीये, नंबर लागलेला नाहीये एवढंच.

आधी पार्किंगचा नंबर. २०२२ पासून त्याचा स्लॉट ऑनलाइन घेता येतो, ही चांगली गोष्ट झाली. मग लँड पोर्टच्या, म्हणजे बॉर्डरवरच्या मालतळाच्या आत वजनकाटा, शिपिंग बिल म्हणजे निर्यातीचा कागद, कस्टम्सची तपासणी, माल सोडायची ऑर्डर, ड्रायव्हरचा कार पास म्हणजे ट्रक पलीकडे न्यायचा परवाना, बीएसएफचं चेकिंग, की मग झीरो पॉइंट, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषा. झालं का? नाही. पलीकडे बीजीबी, म्हणजे बांगलादेशचं सीमा दल, तिकडचे कस्टम्स, माल तोच, वजन तेच, पण कागद सगळे पहिल्यापासून, कारण इकडची कॉम्प्युटर सिस्टीम वेगळी आणि तिकडची वेगळी.

आता हे बघा, बेनापोलचं यार्ड. इकडून गेलेल्या ट्रकमधून माल उतरवायचा आणि बांगलादेशच्या ट्रकमध्ये भरायचा, नाहीतर आधी गोदामात टाकायचा. पोत्यामागून पोतं, खोक्यामागून खोकं, सगळं माणसांच्या पाठीवरून. भारतीय ट्रकला यार्डच्या पुढं जायला परवानगीच नाही, म्हणून तो इथूनच मागं फिरतो, बहुतेक वेळा रिकामा. वर्ल्ड बँकेच्या २०२१ च्या रिपोर्टमध्ये हे गेट पार करायला १३८ तास लागतात असं दिलंय, त्यातले २८ तास नुसत्या ह्या चढ-उताराचे.

इमारती नाहीत म्हणून हे होतंय असं नाही बरं का. २०१२ मध्ये असे लँड पोर्ट सांभाळणारी सरकारी संस्था, लँड पोर्ट्स अथॉरिटी आली, २०१६ मध्ये इथला चेक पोस्ट सुरू झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये हे मालासाठीचं नवीन मोठं गेट उघडलं, मैत्री द्वार. रस्ता रुंद करायचा म्हणून ही झाडं पाडायचा वाद तर कोर्टापर्यंत गेला. पण गेट रुंद केलं तरी ट्रक त्याच यार्डात रिकामा होणार असेल तर वेळ कुठून वाचणार?

नकाशावर ही जागा बघा, बुसिया, केनिया आणि युगांडाची बॉर्डर. तिथं २०१८ पासून ट्रक एकदाच थांबतो, ज्या देशात शिरायचंय त्या बाजूला. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात, तपासणी एकत्र करतात. एवढीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या बॉर्डरवर सहा तासांच्या आत काम होतं, हेही त्याच रिपोर्टमध्ये आहे.

आपल्याकडे कागद तयार आहे. १५ जून २०१५ ला थिंफूमध्ये भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूताननं मोटार वाहन करारावर सह्या केल्या, एका देशाचा ट्रक दुसऱ्या देशात जाऊ शकेल असा करार. भूतानच्या संसदेत तो अडकला, मग बाकीच्या तिघांनी आपण पुढं जाऊ म्हणून २०२२ मध्ये नवी दिल्लीत परत बैठक घेतली, तरी बेनापोलच्या यार्डात हमाल तेच काम करतायत. वर २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या मालावर बंधनं घातली, सूत तिकडून अडलं, तयार कपडे इकडून, रोजगार गेले ते दोन्हीकडचे.

ट्रक सरळ जाऊ शकत नाही असं कोणी म्हणालं तर त्यांना नोव्हेंबर २०१५ ची ट्रायल दाखवा. कोलकात्याहून निघालेला मालाचा ट्रक ह्याच बॉर्डरवरून ढाक्यामार्गे आगरतळ्याला पोचला, मध्ये माल उतरवावा लागला नाही. तेच रोज व्हायला पाहिजे, आणि सुरुवात पेट्रापोलपासून करा.